नित्यनेमाची रेघ : कलागुरू नंदलाल बोस

चित्रे काढणे हे जन्मजात देणगीचे काम, संसारात गुंतलेल्या बाईमाणसाचे ते नव्हे, अशी आपल्यापैकी बहुतेकींची समजूत असते. शाळेत असताना वहीच्या मागल्या पानावर फुले, मोर काढणारी मुलगी लग्नानंतर पेन्सिल हाती धरीत नाही. आणि पुढे कोणी विचारलेच तर, आता हात कुठला वळायला, असे म्हणून हसते. ह्या समजुतीला एका थोर चित्रकाराच्या आयुष्याने फार चांगले उत्तर दिले आहे. ते चित्रकार म्हणजे शांतिनिकेतनचे कलागुरू नंदलाल बोस. त्यांची मोठमोठी भित्तिचित्रे जगाला ठाऊक आहेत; परंतु त्या चित्रांच्या मुळाशी खिशात मावेल एवढे एक कोरे कार्ड, थोडी शाई आणि रोजचा नेम होता, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून मंडळाच्या ह्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र त्या अंगाने सांगावे, असे योजिले आहे.

नंदबाबूंचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात खरगपूर येथे झाला. (रेल्वेमुळे प्रसिद्ध असलेले बंगालमधील खरगपूर ते हे नव्हे.) वडील पूर्णचंद्र हे दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवी गृहिणी; पण तिच्या हाताला मोठा गुण होता. हाताशी येईल त्या वस्तूपासून ती आपल्या मुलासाठी खेळणी आणि बाहुल्या तयार करी. हे पाहत पाहत नंदलाल वाढले. गावच्या मूर्तिकारांप्रमाणे तेही मातीच्या मूर्ती घडवू लागले आणि पुढे पूजेचे मांडव सजवू लागले. कोणत्याही कलाशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी त्यांचा पहिला धडा आईच्या हाताखाली झाला होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८९८ साली पुढील शिक्षणासाठी ते कलकत्त्यास आले. १९०२ मध्ये शाळेची शेवटची परीक्षा पार पडली. पण कॉलेजचा अभ्यास काही जमेना. १९०३ साली सुधीरादेवींशी त्यांचा विवाह झाला. आता घरसंसार मागे लागला, मुलाने काहीतरी पोटापाण्याची विद्या शिकावी, ही घरच्यांची इच्छा रास्तच होती. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात असे करीत शेवटी १९०५ साली व्यापारविषयक शिक्षणासाठी ते प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. तेथेही अपयशच पदरी आले. लग्न झालेला, वयाची बाविशी ओलांडलेला, परीक्षांत पुन्हा पुन्हा नापास होणारा मुलगा म्हणजे त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला केवढी चिंता, हे सांगावयास नकोच. अशा वेळी त्यांनी घरच्यांची समजूत घातली आणि सरकारी कलाशाळेत जाण्याची परवानगी मिळविली. पुढच्या मोठेपणाचे तेज आपण आज मागे वळून पाहतो. परंतु त्या दिवशी त्यांच्याजवळ हातातील आवडीखेरीज दुसरे कसलेही आश्वासन नव्हते.

कलाशाळेत त्यांना अवनींद्रनाथ ठाकूर गुरू लाभले. रवींद्रनाथांचे हे पुतणे. विलायती तैलचित्रांचे अनुकरण सोडून आपल्या देशाच्या परंपरेतून चित्र उभे करावे, असा त्यांचा आग्रह. पातळ जलरंग लावावा, कागद पाण्यात भिजवावा, पुन्हा रंग लावावा, अशा रीतीने धुक्यासारखे मऊ रंग आणण्याची पद्धत ते शिकवीत. नंदलाल ह्या पद्धतीत लवकरच तरबेज झाले. त्यांच्या ‘सती’ ह्या चित्राला पाचशे रुपयांचे बक्षीस मिळाले. घरी ओढगस्त असताना ही रक्कम लहान नव्हती; तरीही त्यांनी ती देशातील प्राचीन शिल्पे व मंदिरे पाहण्याच्या प्रवासासाठी उपयोगात आणली. पाहण्यासाठी खर्च केलेला पैसा वाया जात नाही, ही त्यांची धारणा तेव्हापासूनची.

ह्या पाहण्याचा मोठा योग आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर आला. लेडी हेरिंगहॅम ह्या इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करून घेत होत्या. भगिनी निवेदिता यांच्या प्रेरणेने १९०९-१० च्या हिवाळ्यात नंदलाल, असितकुमार हालदार आदी तरुण तेथे मदतीला आले. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होते. अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून शेकडो वर्षांपूर्वीच्या अनाम कलावंतांची एकेक रेघ आपल्या हाताने पुन्हा काढायची, असे ते काम. नक्कल करणे ही कमीपणाची गोष्ट आहे, असे आपण मानतो. परंतु आजीने घातलेली रांगोळी नातीने गिरवावी, तशी ती नक्कल होती. गिरवता गिरवता हाताला कळते की ही बोटे अशी का वळली, ही मान एवढीच का झुकली. धुक्यासारख्या रंगात वाढलेल्या नंदलालांना ठाम, वाहत्या रेषेचे सामर्थ्य अजिंठ्याने दाखविले. तेव्हापासून रेषा हाच त्यांच्या कलेचा कणा झाला.

रेषेपाठोपाठ शाई आली. जोडासांको येथील ठाकुरांच्या वाड्यात १९१५ च्या सुमारास ‘बिचित्रा’ नावाची कलाशाळा सुरू झाली. तेथे काम्पो आराई नावाचे जपानी चित्रकार आले आणि त्यांच्याकडून नंदबाबूंनी कुंचला व शाई यांची जपानी रीत समजून घेतली. पुढे १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीन व जपानचा प्रवास घडला, तेव्हा तेथील जुन्या चित्रकारांची कामे त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. तिकडची शाई काजळी व सरस यांची कांडी करून ठेवलेली असते. आपण सहाणेवर गंध उगाळतो, तशी ती दगडावर पाण्याचे थेंब घालून उगाळावयाची. पाणी कमी घातले तर घनदाट काळी, जास्त घातले तर सायंकाळच्या धुरासारखी फिकी. अर्धवट कोरडा कुंचला ओढला की झाडाची खरबरीत साल, ओला टेकविला की ढग. एका काळ्या रंगातून असे कितीतरी रंग निघतात.

शाईचा आणखी एक गुण आहे आणि तोच अवघड आहे. तिला खोडरबर चालत नाही. एकदा ओढलेली रेघ परत घेता येत नाही. म्हणून शाईने काढणाऱ्याला आधी नीट पाहावे लागते, मनाशी ठरवावे लागते आणि मग न घाबरता हात चालवावा लागतो. असे धैर्य एका दिवसात येत नाही; ते सवयीनेच येते. नंदबाबूंच्या नित्य रेखाटनाचे मर्म हेच होय.

१९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवनाची स्थापना झाली. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून नंदबाबू तेथे आले आणि १९२२ पासून त्यांनी त्या संस्थेची धुरा वाहिली. कलकत्त्यासारखे शहर, तेथील श्रीमंत ग्राहक व नावलौकिक सोडून वीरभूमच्या लाल मातीच्या माळावर संसार थाटणे हा निर्णय धाडसाचा होता. पण तेथे त्यांना हवे ते मिळाले. ताडाची झाडे, कोपाई नदी, पावसाने चिरलेली खोआईची जमीन, डोक्यावर भारे घेऊन जाणाऱ्या संथाळ स्त्रिया, शेळ्या, कुत्री, कावळे हे सारे नजरेसमोर होते. नंदबाबू पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डे जवळ बाळगीत. फिरावयास निघाले, गाडीची वाट पाहत बसले, कोणाशी बोलत उभे राहिले, की कार्ड बाहेर येई आणि दोनचार रेषांत समोरचे काही त्यावर उतरे. शेळीचे पिल्लू कसे अंग चोरून बसते, ओझे उचलताना बाईची पाठ कशी ताठ होते, वाऱ्यात ताडाचे पान कसे फाटते, हे त्या कार्डांवर आहे. काही कार्डे नुसत्या शाईची, काहींवर शाईच्या रेघेला पाणरंगाचा हलका हात. प्रवासाला गेले की हीच कार्डे पत्रे होऊन शिष्यांना, स्नेह्यांना आणि मुलाबाळांना टपालाने जात. अशी कार्डे त्यांनी आयुष्यभरात हजारोंनी काढली.

ह्यात डौल कसलाच नव्हता. कार्ड लहान असल्यामुळे ते बिघडले तरी हळहळ वाटत नाही, आणि पाचदहा मिनिटांत पुरे होत असल्यामुळे वेळ नाही ही सबब उरत नाही. आपण रोज सकाळी उंबरठ्यापुढे चार बोटे रांगोळी ओढतो, त्यासाठी कधी स्फूर्तीची वाट पाहत नाही. त्यांचेही तसेच होते.

हाच नेम त्यांनी शिष्यांना लावला. मुलांना वर्गात कोंडून ठेवण्यापेक्षा ते त्यांना बाहेर पाठवीत. झाड काढावयाचे तर ते जसे वाढते तसे काढावे, मुळापासून वर जावे, अशी त्यांची शिकवण होती. दर वर्षी सहल निघे. तीत तंबूत राहणे, जुनी शिल्पे पाहणे आणि दिवसभर रेखाटणे, असा कार्यक्रम असे. निसर्ग, परंपरा आणि स्वतःची प्रतिभा, ह्या तिन्हींचा मेळ बसला तरच कला उभी राहते, हा विचार त्यांनी जपानी पंडित ओकाकुरा यांच्यापासून घेतला होता आणि तो ते शिष्यांच्या मनावर सतत बिंबवीत. महागडे विलायती रंग हवेतच, असा त्यांचा हट्ट नव्हता. माती, दगड, काजळी यांपासून रंग कसे करावेत, कोणत्या कागदावर काय शोभते, ह्याची त्यांनी बारकाईने माहिती गोळा केली आणि ‘शिल्पचर्चा’ ह्या आपल्या पुस्तकात ती लिहून ठेवली. कधी शाई आणि पाणरंग, कधी डिंकात वा सरसात कालविलेले मातीचे रंग, कधी लिनोलियमवर कोरलेला ठसा. जे साधन हाती येईल त्याचा स्वभाव ओळखून ते वापरीत. त्यांच्या शिष्यांत विनायक मासोजी हे आपले मराठी चित्रकारही होते. त्यांनी पुढे कलाभवनातच अध्यापन केले.

आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट म्हणजे, बायकांच्या घरगुती कलेला नंदबाबूंनी कलाभवनात मानाचे पान वाढले. बंगालमध्ये व्रतांच्या दिवशी तांदळाच्या पिठाच्या ओल्या लेपाने बोटांनी जमिनीवर नक्षी काढतात, तिला आल्पना म्हणतात. आपल्या चैत्रांगणाची ती बहीणच. सुकुमारीदेवी ह्या पूर्व बंगालच्या आल्पनेत निष्णात होत्या. त्यांना कलाभवनात शिक्षिकेचे स्थान मिळाले. नंदबाबूंच्या कन्या गौरीदेवी व यमुनादेवी यांनीही तेथे शिक्षण घेऊन पुढे आल्पना, बाटिक आणि इतर कारागिरी शिकविली. वृक्षारोपण, हलकर्षण असे ऋतूंचे उत्सव आले की शांतिनिकेतनच्या अंगणात ह्या नक्षीच्या वेली पसरत. जी कला घराघरांत रोज पुसली जाते आणि जिच्यावर कोणी नाव घालीत नाही, तिची गणना कलेत व्हावी की नाही, हा प्रश्न तेव्हा साधा नव्हता. नंदबाबूंनी त्याचे उत्तर कृतीने दिले.

रोजच्या कार्डांचे फळ मोठ्या प्रसंगी दिसून आले. १९३० साली महात्माजींनी दांडीयात्रा केली, तेव्हा नंदबाबूंनी लिनोलियमवर एक ठसा कोरला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी काढलेली, हाती काठी घेऊन पुढे चाललेली ती मूर्ती. रेषा मोजक्याच, पण त्यांत चालण्याचा निर्धार पुरता उतरला आहे. त्याच वर्षी रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ हे मुलांचे पुस्तक निघाले, त्यालाही नंदबाबूंचीच ठशांची चित्रे होती. एकाच हाताने राष्ट्राचा नेता रेखिला आणि बाळगोपाळांची अक्षरओळखही सजविली.

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. ते खेडे म्हणजे आपल्या खानदेशातील फैजपूर. अधिवेशननगरीच्या सजावटीसाठी महात्माजींनी नंदबाबूंना बोलाविले. आपण चित्रकार, नगर उभारण्याचे काम आपल्याला कसे जमणार, असा संकोच त्यांना वाटला. पण ते आले. खेड्यात मिळते त्याच सामानाने खेड्याचे सौंदर्य उभे करावयाचे, अशी अट होती. बांबू, गवत, चटया अशा साध्या वस्तूंतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोभा निर्माण केली, आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैल जोडलेला रथ सजविला. महात्माजींनी त्यांच्या कामाचा मनापासून गौरव केला.

त्यानंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुरा येथे अधिवेशन झाले. त्यासाठी नंदबाबू व त्यांचे सहकारी यांनी थोड्याच दिवसांत चारशेच्या आसपास चित्रफलक तयार केले. त्यांतील सुमारे ऐंशी खुद्द त्यांच्या हातचे. हातकागद पुठ्ठ्यावर ताणून त्यावर मातीच्या रंगांनी, जाड कुंचल्याने ते रंगविलेले होते. विषय कोणते? ढोल वाजविणारा, शिंपी, सुतार, कापूस पिंजणारा पिंजारी, धान कांडणाऱ्या बाया, मूल घेतलेली आई. ही चित्रे दालनात टांगलेली नव्हती. नगरीच्या प्रवेशद्वारांवर व मंडपांवर, जाणाऱ्या-येणाऱ्या खेडूत माणसांना दिसावीत अशी ती लावली होती. इतक्या थोड्या अवधीत इतकी माणसे इतक्या सहजपणे कशी उतरली, ह्याचे कारण उघड आहे. पाठ कशी वाकते, मनगट कसे वळते, हे त्या हाताने वर्षानुवर्षे कार्डांवर लिहून ठेवले होते.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर १९३९ ते १९४६ या काळात त्यांनी गंगावतरण, मीराबाई आदी विषय रंगविले. देश स्वतंत्र झाल्यावर राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी शांतिनिकेतनच्या शिष्यांसह ते पार पाडले. त्यात त्यांच्या दोन्ही कन्यांचाही हातभार होता. त्या पानांवर शिवछत्रपती आहेत आणि झाशीची राणीही आहे. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या सभासदांनी त्या प्रतींवर सह्या केल्या. आईने केलेल्या बाहुल्यांपासून निघालेली वाट अशा रीतीने राष्ट्राच्या ग्रंथापर्यंत पोहोचली. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

नित्यनेमाची खरी कसोटी संकटात लागते. नंदबाबूंचे पट्टशिष्य विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. तरीही ते कलाभवनात शिकले आणि थोर चित्रकार झाले. १९५६-५७ च्या सुमारास डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. चित्रकारावर याहून मोठा आघात तो कोणता? पण त्यांचा हात थांबला नाही. ते शाईने रेखाटीत राहिले, कागद कापून चित्रे जुळवीत राहिले आणि पुढे कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे मोठे चित्रही त्यांनी सिद्ध केले. त्यांचेच शिष्य सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर एक बोधपट काढला. डोळे गेल्यावरही जे शिल्लक राहते, ते रोजच्या सरावाने हातात साठलेले असते, हे विनोदबिहारींनी दाखवून दिले.

नंदबाबू १९५१ साली कलाभवनातून निवृत्त झाले. आता मोठ्या भिंती, मोठी कामे मागे पडली. पण कार्ड आणि शाई सुटली नाही. उतारवयातील त्यांची काळ्या शाईची निसर्गचित्रे अधिकाधिक थोड्या रेषांची होत गेली. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची सुमारे सात हजार कामे जपून ठेवलेली आहेत. त्यांत मोठी चित्रे आहेत, हरिपुऱ्याचे फलक आहेत, आणि खिशातून निघालेली ती लहान लहान कार्डेही आहेत.

भगिनींनो, हे चरित्र वाचून आपण सर्वजणी चित्रकर्त्या व्हावे, असा हेतू नाही. परंतु ज्यांचा हात लग्नानंतर थांबला असेल त्यांनी एकदा प्रयोग करून पाहावा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून कार्डे करावीत. शाईची एक दौत, एक बारीक कुंचला, वाटीत थोडे पाणी आणि हवा तर गेरूचा खडा, एवढे सामान पुरे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी जास्वंदाची फांदी, कट्ट्यावर झोपलेले मांजर, वाटाणे सोलणाऱ्या सासूबाईंचे हात, जे समोर असेल ते दिवसातून एकदा काढावे. आधी नीट पाहावे, मग रेघ ओढावी. चुकली तर खोडू नये. त्याच कार्डावर दुसरी ओढावी. शाई वाळली की गेरूचा वा चहाच्या पाण्याचा एखादा हात फिरवून पाहावा. कार्डाच्या मागे तारीख घालावी आणि ते एका डब्यात टाकावे. महिन्याने डबा उघडला की तीस दिवसांचा आपला संसारच त्यात सापडेल. पहिली कार्डे वेडीवाकडी असतील. विसाव्या-पंचविसाव्या कार्डापासून हात धीट होऊ लागतो.

मंडळाच्या पुढील हळदीकुंकवाला अशी कार्डे जिच्याजवळ असतील तिने ती अवश्य आणावीत. एका दोरीवर टांगून ती सर्वांनी पाहावीत. त्यांना नंबर मात्र देऊ नयेत.